तलावपाळीच्या आसपासची थिएटरं: आठवणी लिहून कशा घ्यायच्या

ठाण्यातल्या आमच्या नौपाड्यात साठी उलटलेल्या कुणालाही विचारा, अशोक, प्रभात, वंदना, मल्हार ही नावं घडाघडा बाहेर पडतात. लिहिलेलं मात्र फारच थोडं. वंदना टॉकीजचं नाव एसटी स्टँडला चिकटलंय, पण तिथून बस पकडणाऱ्या कॉलेजच्या पोरांना आत पडदा कसा होता हे कोण सांगणार? सांगणारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या, हे मी कळकळीनं सांगतेय.

"थिएटर कधी बांधलं?" असं विचारू नका, समोरचा गप्प होतो. तिकीट कुणी काढलं, बरोबर कोण होतं, शो सुटल्यावर घरी कसे आलात, हे विचारा. आमच्या शेजारच्या आजींना सिनेमाचं नावही आठवेना. पण तिकीट म्हटल्याबरोबर त्या सावरून बसल्या. बायकांची रांग वेगळी आणि छोटी, म्हणून वाड्यातली सगळी बिऱ्हाडं पैसे त्यांच्याकडे द्यायची. परकराच्या ओच्यात चिल्लर, मुठीत घामेजलेली गुलाबी तिकिटं, आणि मागे रांगेतले पुरुष "बेबी, आमचीही दोन काढ गं" म्हणून विनवतायत. हे कुठल्या दप्तरात सापडणार?

सालं नंतर बसवा. त्यासाठी खुणा लागतात. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, ठाण्यातलं गडकरी रंगायतन नाट्यगृह 1978 ला. "घरात टीव्ही आला होता का?", "गडकरी झालं होतं का?" एवढं विचारलं तरी काळ बराच आवळता येतो. सिनेमाचं नाव मिळालं तर प्रदर्शनाच्या तारखेवर विसंबू नका. जुने सिनेमे मॅटिनीला पुन्हा पुन्हा लागायचे. त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या सिनेमाच्या जाहिराती पाहा. जुने अंक आणि स्मरणिका कुठे मिळतील, याची चौकशी 1893 पासून चालू असलेल्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयापासून सुरू करा. जागेची मालकी कशी बदलली ते मिळकत पत्रिकेवरून (प्रॉपर्टी कार्डावरून) कळतं. ती नगर भूमापन कार्यालयात मिळते.

थिएटर का बंद पडलं, याचं उत्तर बहुतेक जण "मल्टिप्लेक्स" असं देतात. तिथे थांबू नका. त्याच्या कितीतरी आधी व्हिडिओ आला, मग केबल. करमणूक कर होता, आणि जागेचे भाव तिकिटाच्या गल्ल्याला कधीच मागे टाकून गेले. डोअरकीपर, कँटीनवाला, सायकल स्टँडवाला यांना गाठा. धंदा नेमका कधी बसला, हे त्यांना प्रेक्षकांपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा, कुणाची कुठली ते नोंदवून. मजकूर तयार झाला की सांगणाऱ्याला वाचून दाखवा आणि नाव छापू का, ते तेव्हाच विचारा. वाचताना माणसं हमखास आणखी काहीतरी सांगतात, तेव्हा वही उघडी ठेवा.