डेपोतल्या पोरांसाठी: मळलेली तंबाखू कशी सोडायची

मी एसटीत ड्रायव्हर. माझी तंबाखू सुटली म्हणून पोरं विचारायला येतात, त्यांना सांगतो तेच इथे.

आधी चुन्याची डबी टाका. चुना नुसता चवीला नसतो. त्याने लाळ अल्कधर्मी होते आणि निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्याने रक्तात उतरतं. तिथलं निकोटीन साधारण 2 तासांत निम्म्यावर येतं, म्हणून पुढचा थांबा येईपर्यंत हात खिशाकडे जातो. मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही, मेंदूच मागत असतो.

पहिले 2-3 दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड होते, झोप उडते, पोट साफ होत नाही (सकाळी चिमूट लावल्याशिवाय ज्यांना होत नाही, त्यांना कळलं असेल). घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरती बडीशेप, लवंग. सुपारी मात्र नको, तिनेही कॅन्सर होतो.

निकोटीनचं च्युइंगम घेतलंत तर कचाकचा चघळू नका. हळू चावा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, गेल्या की परत चावा. अर्धा तास असंच. आधीची 15 मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा बंद! चहा पडला आम्लधर्मी, निकोटीन नीट शोषलं जात नाही. मग लोक म्हणतात पैसे वाया गेले. 2 मिलिग्रॅमचं की 4, ते डॉक्टरांना विचारा.

1800-11-2356 ही सरकारी हेल्पलाइन, फोन फुकट.

तोंडात तीन बोटं उभी जात नसतील, तर याच आठवड्यात दातांचा डॉक्टर गाठा.