बुक लर्निंगने खरंच फरक पडतो का, घरी कसं तपासायचं

भो, बुद्धिबळाची इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम, एकमेकांशी लढवायचा नाद लागला की हा प्रश्न येतोच, ओपनिंग बुकचं (डावाच्या सुरुवातीच्या तयार चालींच्या फाइलचं) लर्निंग चालू ठेवायचं का बंद. मला विचाराल तर, तेच बुक घेऊन त्याच इंजिनाशी शेकडो डाव होणार असतील तरच चालू ठेवा.

लर्निंग म्हणजे काय, तर डाव कसा गेला ते पाहून बुकातल्या चालीचं वजन, म्हणजे ती निवडली जायची शक्यता, कमीजास्त करणं. क्राफ्टी नावाचं इंजिन तर निकालाचीही वाट पाहत नाही, बुकातून बाहेर पडल्यावरच्या 10 चालींचं इव्हॅल्युएशन (कोण किती वरचढ आहे याचा इंजिनाचा अंदाज) बघूनच लाइन, म्हणजे तो चालींचा क्रम, बरी का वाईट ते ठरवतं. स्टॉकफिश या इंजिनाला स्वतःचं बुकच नाही, ते जीयूआयमधून, म्हणजे ज्या प्रोग्रामच्या पटावर इंजिनं खेळवतो त्यातून, द्यावं लागतं. पॉलिग्लॉट या फॉरमॅटच्या बुकात एका नोंदीच्या 16 बाइटपैकी 4 लर्निंगसाठी ठेवलेले असतात पण बरेच प्रोग्राम त्यांना हातच लावत नाहीत, म्हणून आधी पाचदहा डाव खेळवा आणि बुक फाइलची किंवा सोबतच्या लर्न फाइलची तारीख बदलली का ते बघा. बदललीच नाही तर पुढची मेहनत वाया.

बदलली असेल तर कोऱ्या बुकच्या दोन कॉप्या करा. एकीवर लर्निंग बंद ठेवून 200 डाव, दुसरीवर चालू ठेवून 200. समोरच्या इंजिनाचं लर्निंग दोन्ही वेळा बंद, पाँडर (समोरच्याच्या वेळात विचार करणं) पण बंद. प्रत्येकाला 1 मिनिट दिलं तर 200 डाव सात तासांच्या आत होतात, रात्री जेवून लावा नि सकाळी बघा, आपल्या भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात दुपारी कॉम्प्युटर तापवण्यापेक्षा हे बरं. आणि एका वेळी एकच डाव हं, मी एकदा दोन सोबत लावले, दोघं त्याच फाइलमध्ये लिहीत बसले आणि सगळी रात्र फुकट गेली.

आता लर्निंगवाल्या 200 मधले पहिले 50 आणि शेवटचे 50 शेजारी ठेवा, तुलनेला बंदवाले 200. नुसते गुण मोजू नका, डाव उघडून बघा, कारण बऱ्याचदा तीच एक जिंकलेली लाइन परत परत आलेली असते आणि समोरचं बिचारं दरवेळी तिथंच फसतं. स्वीडनच्या एसएसडीएफ या इंजिनांच्या रेटिंग यादीत इंजिनं आपलं बुक नि लर्निंग घेऊन उतरायची, सीसीआरएल या दुसऱ्या यादीवाले सगळ्यांना जनरल बुक देतात, त्याचं कारण हेच. 50 डावांत पाचसहा गुणांचा फरक तर नशिबानेही पडतो, नशिबाची ही टक्केवारीतली चूक निम्मी करायची तर डाव चौपट लागतात.

खरी परीक्षा शेवटची. शिकलेलं बुक आणि कोरं बुक, दोन्ही आळीपाळीने तिसऱ्याच इंजिनासमोर उतरवा, ज्याच्याशी आधी एकही डाव झालेला नाही, आणि या वेळी लर्निंग बंद. तिथंही शिकलेलं बुक पुढं राहिलं तर ते सांभाळून ठेवा, बॅकअपसकट.