फोरम गुगलवर दिसत नाही? आधी थ्रेडची टायटलं बघा

फोरम काढला, थ्रेड (एकेका प्रश्नावरच्या चर्चा) भरपूर झाले, मेंबर पण बऱ्यापैकी आहेत, पण सर्चमधून कोणी येतच नाही, ही तक्रार सगळ्याच अ‍ॅडमिनची असते. मग होमपेजवर कीवर्ड (लोक सर्चमध्ये टाकतात ते शब्द) कोंबायचे नाहीतर कुठून तरी बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक, विकत घ्यायच्या, हे सुरू होतं. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी) आम्ही रँकिंगसाठी बघतच नाही असं गुगलने 2009 मध्येच सांगून टाकलंय, आणि विकतच्या लिंक तर सरळ स्पॅममध्ये धरतात. मुळात फोरमवर नवीन माणूस होमपेजवरून फार कमी येतो, तो आपल्या अडचणीचं उत्तर शोधत शोधत कुठल्यातरी एका थ्रेडवर येऊन पडतो. त्यामुळे मेहनत करायची ती थ्रेडवर.

पण आधी गुगलला काय दिसतंय ते बघून घ्या. इनकॉग्निटो विंडो उघडा आणि लॉगिन न करता फोरम वाचून बघा. उत्तरं वाचायला लॉगिन लागत असेल तर विषयच संपला, कारण गुगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्रॅम, काही अकाउंट काढून आत येणार नाहीये. मग सर्च कन्सोल जोडा, आपली साइट सर्चमध्ये कशी दिसते ते सांगणारं गुगलचं टूल आहे, फुकट आहे. त्यातल्या पेजेसच्या रिपोर्टमध्ये किती पानं इंडेक्स झाली (म्हणजे गुगलच्या यादीत गेली), किती नाही आणि का नाही हे सगळं कारणासकट दिसतं. परफॉर्मन्सच्या रिपोर्टमध्ये मात्र खरा माल असतो, तिथे जे थ्रेड लोकांना सर्चमध्ये दिसतायत पण क्लिक होत नाहीयेत आणि सरासरी पोझिशन आठ ते वीसच्या आसपास आहे, ते वेगळे काढा. पहिलं काम त्यांच्यावर, बाकीचे नंतर.

आता टायटल. मेंबर लोक टायटल काय टाकतात हे तुम्हाला माहितीच आहे, "प्लीज मदत करा", "अर्जंट", "कोणाला माहितीये का". असं कोणीही सर्चमध्ये टाईप करत नाही. समजा आत गोष्ट अशी आहे की लॅपटॉपचं चार्जिंग एका ठिकाणी येऊन थांबतंय, तर टायटल करा "लॅपटॉप 80 टक्क्यांच्या वर चार्ज होत नाही". आत कोणीतरी सांगितलेलं असतं की बॅटरी टिकावी म्हणून चार्जिंगवर लिमिट ठेवायचं सेटिंग चालू असतं, ते बंद करा, आणि ते उत्तर सापडतं सतराव्या रिप्लायमध्ये, मधल्या सोळामध्ये "मला पण हाच प्रॉब्लेम आहे" आणि थोडी भांडणं. तर ते उत्तर "सोल्यूशन" म्हणून मार्क करा किंवा पहिल्या पोस्टच्या खाली दोन ओळींत टाका. टायटल बदलताना मेंबरच्या स्वतःच्या मजकुराला हात लावू नका, लोक चिडतात आणि बरोबरच आहे त्यांचं. नवीन थ्रेडसाठी टायटलच्या बॉक्समध्येच "काय बिघडलंय आणि कशात, ते लिहा" अशी फिक्कट ओळ ठेवली की पुढची कटकट बरीच कमी होते.

एकाच प्रश्नाचे पंधरा थ्रेड असतील तर सगळ्यात चांगला ठेवा, बाकीचे त्यात मर्ज करा आणि जुन्या लिंकवरून 301 रीडायरेक्ट द्या, म्हणजे जुना पत्ता उघडला की माणूस आपोआप नव्यावर जातो. सॉफ्टवेअर बदलताना पण हेच, रीडायरेक्ट विसरलात तर जुन्या सगळ्या लिंक मेल्या समजा.

दुसरी भानगड म्हणजे कचरा पानं. फोरममध्ये ती आपोआप तयार होतात, रिकामी प्रोफाइल, प्रिंटवाली पानं, तारखेनुसार नाहीतर लाइकनुसार लावलेल्या त्याच त्या याद्या, आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये यूआरएलला (पानाच्या पत्त्याला) चिकटलेले सेशन आयडी, म्हणजे प्रत्येक भेटीला बदलणारे आकडे. यांना नोइंडेक्स लावा, म्हणजे हे पान यादीत घेऊ नको असं पानातच गुगलला सांगा. इथे एक घोळ हमखास होतो, नोइंडेक्स लावायचं आणि वर रोबॉट्स फाइलमध्ये तेच पान ब्लॉक पण करायचं. रोबॉट्स फाइल फक्त पान वाचू नको एवढंच सांगते, आणि बॉटने पान वाचलंच नाही तर त्यातला नोइंडेक्स त्याला कळणार कसा? मग तो पत्ता दुसरीकडच्या लिंकवरून इंडेक्समध्ये तसाच राहू शकतो.

लांब थ्रेडची पानं असतील तर दोन नंबरच्या पानाचा कॅनॉनिकल (या मजकुराचा मुख्य पत्ता कुठला ते सांगणारा टॅग) दोनच ठेवायचा, सगळ्यांचा एक नंबरवर लावला की पुढच्या पानांवरची उत्तरं गुगलच्या हिशोबातून जाऊ शकतात. साइटमॅप, म्हणजे गुगलला द्यायची पानांची यादी, एका फाइलमध्ये 50,000 यूआरएलपर्यंतच चालतो, त्याच्या वर गेलात तर एकापेक्षा जास्त फाइली करा. डिस्कोर्स, झेनफोरो असल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये यातलं बरंच काम आधीच केलेलं असतं, पीएचपीबीबी किंवा जुनं व्हीबुलेटिन असेल तर एकेक सेटिंग उघडून बघावं लागतं. फोरमसाठीचा वेगळा स्ट्रक्चर्ड डेटा (पानावर काय आहे ते गुगलला सांगणारा कोड) गुगलने 2023 च्या नोव्हेंबरपासून धरायला सुरुवात केली, "डिस्कशनफोरमपोस्टिंग" नावाचा, तुमच्या सॉफ्टवेअरला त्याचं प्लगिन असेल तर टाकून द्या.

स्पॅमचं थोडक्यात, मेंबरांनी टाकलेल्या लिंकना "यूजीसी" हा रेल अ‍ॅट्रिब्यूट लावा, लिंक आम्ही नाही, मेंबरने टाकलीय असं गुगलला सांगायची ती कोडमधली खूण, 2019 पासून ती त्यासाठीच आहे, आणि नवीन अकाउंटच्या पहिल्या काही पोस्ट मॉडरेशनमधून जाऊ द्या.

आता सोशल मीडिया. "आमचा फोरम जॉईन करा" ही पोस्ट टाकणं बंद करा, त्याने कोणी येत नाही, का यावं त्याने? त्यापेक्षा एक थ्रेड उचला आणि त्यातला प्रश्न आणि उत्तराचा मुख्य भाग पोस्टमध्येच देऊन टाका. वरचंच उदाहरण घ्या, "चार्जिंग 80 वर थांबतंय? बॅटरी खराब नाहीये, लिमिटचं सेटिंग चालू आहे. कुठल्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये ते कुठे सापडतं याची यादी थ्रेडमध्ये आहे" आणि खाली लिंक. ज्याचं काम तेवढ्यात झालं तो शेअर करतो, ज्याला यादी हवी तो आत येतो. उत्तर लपवून "बघा पुढे काय झालं" टाईप खेळ मला तरी आवडत नाही, एकदा फसलेला माणूस परत क्लिक करत नाही. मेंबरच्या पोस्टचा स्क्रीनशॉट वापरणार असाल तर आधी त्याला विचारा आणि नाव झाका.

लिंक टाकल्यावर प्रिव्ह्यूमध्ये काय येतं ते बघता का कधी? बहुतेक फोरमच्या प्रत्येक थ्रेडला तोच तो लोगो येतो. ओपन ग्राफ टॅगमध्ये (प्रिव्ह्यूत काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या कोडमध्ये) थ्रेडचं टायटल आणि 1200 बाय 630 पिक्सेलची इमेज येईल असं सेट करा, आणि बदल करूनही फेसबुक जुनंच दाखवत असेल तर त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून परत स्क्रेप करा, म्हणजे फेसबुकला पान नव्याने वाचायला लावा. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक क्लिक होत नाही, तिथे बायो नाहीतर स्टोरीचा लिंक स्टिकर. दुसऱ्यांच्या ग्रुपमध्ये आधी तिथले नियम वाचा आणि तिथल्या तिथे उत्तर द्या, लिंक त्यानंतर, आणि प्रत्येक वेळी तर नाहीच.

लाइक वाढले म्हणून रँकिंग वाढतं हा गैरसमज आहे, सोशलवरच्या बहुतेक लिंक नोफॉलो असतात, म्हणजे ही लिंक रँकिंगसाठी धरू नका अशी खूण त्यांवर असते. फायदा होतो तो असा की चार नवीन लोक थ्रेड वाचतात, त्यातला एखादा आपल्या साइटवरून लिंक देतो नाहीतर थ्रेडमध्येच नवीन माहिती टाकतो. कुठून किती आले हे कळायला लिंकला यूटीएम (लिंकच्या शेवटी जोडायची, माणूस कुठून आला ते सांगणारी खूण) लावा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले बरेच जण अ‍ॅनालिटिक्समध्ये "डायरेक्ट"मध्ये, म्हणजे कुठून आले ते माहीत नसलेल्यांमध्येच मोजले जातात.

आणि एवढं करून माणूस आला की त्याच्या तोंडावर साइनअपचा पॉपअप मारू नका. मोबाइलवर पान झाकणारे पॉपअप गुगलला 2017 पासून खटकतात, वाचणाऱ्याला तर त्याआधीपासून. त्यापेक्षा शून्य रिप्लायवाल्या थ्रेडची यादी काढून दोन-तीन जुन्या मेंबरांना वाटून द्या. टायटल बदललेले महत्त्वाचे थ्रेड सर्च कन्सोलमधल्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून परत इंडेक्सिंगला टाका, त्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात, तोपर्यंत रोज उठून टायटल परत परत बदलत बसू नका, नाहीतर कशाने फरक पडला तेच कळणार नाही.