लहान मुलांचा दम वाढवायचाय? मग खेळ घेताना या चुका टाळा

पुण्यात सोसायटीच्या पार्किंगपासून तळजाईच्या पठारापर्यंत, पाच ते आठ वर्षांच्या मुलांचे संध्याकाळी खेळ घेणारी मंडळी मी सतत बघते. उत्साह सगळीकडे दांडगा असतो आणि चुकाही सगळीकडे त्याच असतात. मुलांचं हृदय मजबूत व्हायचं तर ते रोज जोरात धडधडलं पाहिजे, यात गूढ काही नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस चांगली धाप लागेल असा व्यायाम. आपण तासभर खेळ घेतो खरे, पण त्या तासात प्रत्येक मूल किती वेळ पळलं याकडे लक्ष द्यायला हवं. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते.

बाद झालेल्याला बसवून ठेवणं

ही चूक बघितली की माझा जीव तुटतो. सिंहगड रोडच्या एका सोसायटीत गणपतीतल्या स्पर्धांची तयारी म्हणून एक काका रोज पकडापकडी घ्यायचे. नियम असा, की बाद झाला की कट्ट्यावर बसायचं. पहिलीतला एक गुबगुबीत मुलगा रोज पहिल्या मिनिटात बाद व्हायचा. काही दिवसांनी मी बघितलं, तर तो पळतच नव्हता. खेळ सुरू झाला की ज्याच्यावर राज्य आहे त्याच्याकडे स्वतःहून चालत जायचा, हात पुढे करायचा आणि कट्ट्यावर जाऊन बाटलीचा पट्टा सोडत-लावत बसायचा. शेवटी मैदानात उरायची ती तीन चपळ मुलं. त्यांचा दम आधीच चांगला होता, आणि ज्याला पळण्याची सगळ्यात जास्त गरज होती तो बसून होता. काकांना सांगितलं तर म्हणाले, "स्पर्धेत असंच असतं." सहा वर्षांच्या मुलाला त्या स्पर्धेचं काय करायचंय? त्याला पळण्याची गोडी लागली तर पुढे दहा स्पर्धा खेळेल. आत्ताच कट्ट्याची सवय लागली, तर ती मोडायला वर्षं जातात.

यावरचा उपाय आपल्याच खेळांत आहे. साखळी घ्या, पकडला गेलेला हात धरून पळतच राहतो. विषामृत घ्या, 'विष' मिळालेला जागेवर थिजतो आणि भिडू 'अमृत' देऊन सोडवेपर्यंतच थांबतो. मी त्यात एक भर घालते, थिजलेल्याने जागच्या जागी उड्या मारायच्या. आणि कच्चं लिंबू आठवा! त्याला कुणी बाद करत नाही, म्हणून ते पूर्ण वेळ पळत असतं. माझ्याकडे सात वर्षांखालचं प्रत्येक मूल कच्चं लिंबू असतं. मोठ्या भावंडांची कुरकुर होते, ती मी मनावर घेत नाही.

आकड्यांच्या मागे लागणं

हल्ली मुलांच्या मनगटावरही स्मार्टवॉच दिसतं. एका आईने खेळ चालू असताना मुलीचं घड्याळ बघितलं, 185 आकडा दिसला आणि तिला तडक सावलीत बसवलं. "एवढे ठोके म्हणजे काहीतरी गडबड आहे" हे त्या मुलीच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं, की नंतर छाती धडधडायला लागली की ती घाबरून थांबायची. मुलगी ठणठणीत होती. लहान मुलांचे ठोके मुळात मोठ्यांपेक्षा जलद असतात आणि जोरात पळताना ते 180 च्या वर जाणं नेहमीचं आहे. जास्तीत जास्त ठोके किती, हे काढायला मोठ्यांसाठी वापरतात ते 220 मधून वय वजा करायचं गणित तर लहान मुलांना लावूच नये.

दुसरं टोक म्हणजे पहिली-दुसरीच्या मुलांना मनगटावर नाडी मोजायला लावणं. ती अंगठ्याने दाबतात, मध्येच मोजणं विसरतात आणि एकाचे 40 येतात तर दुसऱ्याचे 300. मी एवढंच करते: खेळाआधी सगळ्यांनी छातीवर तळहात ठेवायचा, दुसऱ्या हाताची मूठ ठोक्याबरोबर उघड-मीट करायची. तुझं हृदय साधारण तुझ्या मुठीएवढं आहे, हेही तेव्हाच सांगते. खेळ झाला की लगेच पुन्हा तेच. मुठी भराभर चालायला लागतात, मुलं एकमेकांकडे बघून ओरडतात, "माझं बघ, माझं बघ!" मग दोन मिनिटं बसून ती धडधड उतरताना अनुभवायची. कोलेस्टेरॉलवरचं भाषण याच्यासमोर फुकट आहे. चौथीच्या पुढे 15 सेकंद मोजून चाराने गुणायला शिकवा, त्याआधी घाई नको.

जोर किती लागतोय हे कळायला घड्याळ नको. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम. दोन-चार शब्दांत धाप लागते, म्हणजे जोरदार.

खो-खोबद्दल बोलले की लोक रागावतात, कारण त्याचे नियम 1914 मध्ये इथेच, डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. खेळ सुंदरच आहे. पण नऊ जणांच्या संघात आठ बसलेले असतात आणि एक धावतो, समोर तिघं पळतात. बारांपैकी चौघंच हालतात. लहानांसाठी चार-पाच जणांच्या छोट्या तुकड्या करा आणि 'खो' पटापट द्यायला लावा. रिले शर्यतीचंही तेच, लांबलचक रांग दिसली की तिचे चार तुकडे करा.

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. पळणं म्हणजे शिक्षा, असं एकदा मनात बसलं की संपलं.

टेकडीवर सहा वर्षांच्या मुलाला बापाच्या लयीत न थांबता पळवणारे दिसतात. मुलं झपाट्याने पळतात, थांबतात, दगड उचलतात, पुन्हा सुटतात. त्यांचा व्यायाम असाच असतो. "त्या झाडापर्यंत पळ" म्हणा आणि तिथे थांबू द्या.

एप्रिल-मेमध्ये पाच वाजता पेव्हर ब्लॉक तापलेले असतात. सहानंतर सुरू करा, आधी आणि मध्ये पाणी पाजा. चपला घालून खेळ नाही. जेवून लगेच नाही.

दमा असलेल्या मुलाला कायमचं बसवणं हीसुद्धा चूकच. डॉक्टरांना विचारून, पंप जवळ ठेवून ही मुलं छान खेळतात. मात्र पळताना कुणाच्या छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलं, ओठ निळसर दिसले, तर "थोडं पाणी पी, होईल बरं" म्हणत बसू नका. खेळ तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे न्या.

पंधरा दिवसांनी "फरक दिसत नाही" म्हणणाऱ्या पालकांना मी जिन्याकडे बघायला सांगते. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर मूल पूर्वीपेक्षा कमी धापा टाकतंय का, ते दोन-तीन महिन्यांनी बघा. आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला म्हणून चार महिने सगळं बंद करू नका. कोरड्या पॅसेजमध्ये तळ्यात-मळ्यात आणि लंगडी घेता येते, त्याला दहा फुटांची जागा पुरते.