लॉ सीईटीची तयारी: आधी फाईल, मग पुस्तक

दिवाळी झाली की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलीचा नाहीतर भाच्याचा फोन येतोच. "ताई, लॉ सीईटी द्यायची आहे, कुठलं पुस्तक घेऊ?" मी आधी विचारते, दहावीच्या मार्कशीटवर तुझं नाव कसं आहे आणि आधारवर कसं आहे? पलीकडे क्षणभर शांतता पसरते. लॉ सीईटी म्हणजे कायद्याच्या पदवीसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, आणि तिच्या तयारीची सुरुवात तिथूनच करायची.

मी तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली तेव्हा लग्नाला आठ वर्षं झाली होती. पदवी माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या. परीक्षा केंद्राच्या गेटवर मला बाजूला उभं केलं. पर्समध्ये विवाह नोंदणीचा दाखला होता म्हणून आत सोडलं, पण त्यात वीस मिनिटं गेली. पेपर सुरू झाल्यावर पहिले दहा प्रश्न मी नुसते वाचत होते, डोक्यात काही शिरत नव्हतं. अभ्यास कमी पडला असता तर इतकं वाईट वाटलं नसतं.

म्हणून एक प्लॅस्टिकची फाईल आणा आणि तिच्यात सगळं एका जागी ठेवा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, आणि राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जातीचा दाखला. जात पडताळणीचं प्रमाणपत्र नसेल तर आजच पडताळणी समितीकडे अर्ज करा, कारण यादीतला सगळ्यात वेळखाऊ कागद तोच. नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यावरची मुदतीची ओळ वाचा. ती ३१ मार्चला संपते आणि प्रवेशाच्या फेऱ्या त्यानंतर असतात. म्हणजे आज चालणारा दाखला ऐन प्रवेशाच्या वेळी निरुपयोगी ठरू शकतो. मेअखेरीस सेतू केंद्रावर रांगेत उभी राहून रडवेली झालेली मुलं मी पाहिली आहेत. एप्रिलमध्येच नवा काढून घ्या.

पात्रताही याच वेळी तपासा. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीला खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० लागतात. शेवटच्या वर्षाला असाल तरी परीक्षा देता येते. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांनी नीट लक्ष द्या. बारावी करून मग मुक्त विद्यापीठात गेला असाल तर काळजी नाही. पण बारावी न करता पूर्वतयारी परीक्षेवरून थेट पदवीला बसला असाल, तर बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलीचं नियमन करणाऱ्या संस्थेचा, नियम आड येतो. हे फी भरण्याआधी कळलेलं बरं.

आता अभ्यास. आमच्या वेळी १५० प्रश्न होते, आता १२० आहेत. वेळ तेवढाच, दोन तास. तीन वर्षांच्या सीईटीत इंग्रजीचे ४०, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींचे ३२, कायद्याचे २४ आणि तर्काचे २४ प्रश्न. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या परीक्षेत कायदा आणि तर्क ३२-३२ वर जातात, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान २४-२४ वर येतात आणि गणिताचे ८ प्रश्न येतात. ही वाटणी वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा. मुलं कायद्याची परीक्षा म्हणून तीन महिने कायदाच वाचत बसतात, आणि तीन वर्षांच्या परीक्षेत तर तो एक पंचमांश आहे.

इंग्रजी एक तृतीयांश आहे आणि मराठी माध्यमातली मुलं नेमकी तिथेच बिचकतात. बाकीचे विभाग मराठीतही वाचता येतात, हा विभाग मात्र इंग्रजीतच सोडवावा लागतो. याला घाबरू नका. इथे विचारल्या जाणाऱ्या चुका बहुतेक त्याच असतात ज्या आपण मराठीतून विचार करताना करतो. आपण "त्याविषयी चर्चा केली" म्हणतो, म्हणून इंग्रजीत "डिस्कस अबाउट" लिहून मोकळे होतो. "डिस्कस"ला "अबाउट" लागत नाही. "माझा एक मित्र" म्हणून "वन ऑफ माय फ्रेंड" लिहितो. तिथे "फ्रेंड्स" हवं. अशा चुकांची एक वही करा, रोज तीन. सोबत रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचा आणि त्याचं म्हणणं दोन मराठी वाक्यांत लिहा. उताऱ्यावरचे प्रश्न याच सवयीने सुटतात. पहिले पंधरा दिवस जीव मेटाकुटीला येतो, पुढे सवय होते.

पुस्तकाचं म्हणाल तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी स्वस्तात मिळतात, जरूर घ्या. पण छपाईचं वर्ष बघून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या पुस्तकात खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ आहे, आता ते १०३ आहे. फसवणुकीचं ४२० होतं, आता ३१८. जमावबंदीचं १४४ फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, ते आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं. पेन घेऊन पुस्तकातच खोडून नवे आकडे लिहा, तेवढ्याने ते पाठ होतात. जुन्या पुस्तकात मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंचही नसेल. ते ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं. उच्च न्यायालयाची नागपूर, औरंगाबाद आणि गोवा खंडपीठं आणि आता कोल्हापूर, हे आपल्या राज्याच्या परीक्षेत येणारच असं समजून चाला.

कायद्याच्या विभागात राज्यघटना सगळ्यात आधी. मूलभूत हक्कांची कलमं, ३२ आणि २२६ मधला फरक, मतदानाचं वय २१ वरून १८ करणारी ६१वी दुरुस्ती, शिक्षणाचा हक्क देणारी ८६वी. मग करार कायदा १८७२ आणि अपकृत्य (टॉर्ट), म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई कधी द्यावी लागते ते. लॅटिन सूत्रं नुसती घोकू नका. "व्होलेंटी नॉन फिट इंज्युरिया" घ्या: स्वतःहून धोका पत्करणाऱ्याला त्याबद्दल भरपाई मागता येत नाही. शिवाजी पार्कवर कुणी मॅच बघत बसलाय आणि षटकार येऊन त्याच्या खांद्यावर लागला, तर त्याचा दावा चालणार नाही, कारण चेंडू येऊ शकतो हे ठाऊक असूनच तो बसला. पण बघायला मिळावं म्हणून उभारलेला मंडपच कोसळला तर? तो धोका त्याने पत्करलेला नव्हता, इथे सूत्र लागू नाही. पेपर काढणारा या दुसऱ्या प्रकारचे प्रश्न काढतो. म्हणून प्रत्येक सूत्राला लागू होणारं एक आणि न होणारं एक उदाहरण स्वतः तयार करा. प्रश्नात तत्त्व दिलेलं असेल तर तेच धरून उत्तर द्या. ते तुम्हाला अन्यायाचं वाटतं की नाही हे तिथे कुणी विचारलेलं नाही.

तर्काचे प्रश्न रोज वीस, घड्याळ लावून. चालू घडामोडींसाठी मागच्या वर्षभराची महिनावार पानं पुरतात.

शेवटचे दीड महिने आठवड्याला दोन सराव पेपर द्या, आणि ते मोबाईलवर देऊ नका. माझ्या शेजारच्या मुलीने सगळे सराव मोबाईलवर अंगठ्याने दिले. परीक्षेत समोर माऊस आला आणि "सेव्ह अँड नेक्स्ट" दाबण्यातच तिचा वेळ जाऊ लागला. घरी कॉम्प्युटर नसेल तर नेटकॅफेत किंवा तालुक्याच्या अभ्यासिकेत जाऊन द्या. तीन वर्षांच्या परीक्षेसाठी माझा वेळेचा हिशेब असा: सामान्य ज्ञान १२ मिनिटं, इंग्रजी ३५, कायदा ३०, तर्क ३५. आठ मिनिटं हातात राहतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून ती आठ मिनिटं मोकळ्या राहिलेल्या प्रश्नांसाठी. एकही प्रश्न कोरा सोडू नका.

आदल्या दिवशी केंद्र बघून या. गावाहून येणार असाल तर पहाटेच्या एसटीवर विसंबू नका, रात्रीच पोहोचा. हॉल तिकीट, फोटो असलेलं मूळ ओळखपत्र आणि नावात फरक असेल तर त्याचा कागद, एवढं पिशवीत. मोबाईल बाहेर ठेवावा लागतो, घरच्या एका माणसाचा नंबर कागदावर लिहून घ्या.

निकालानंतर ती फाईल पुन्हा उघडा. प्रवेशाच्या फेरीसाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचं आयएलएस अशी नावं मनात असतील तर ती वरच टाका, गुण कमी वाटतात म्हणून खाली ढकलू नका. पण त्याखाली घरून रोज जाऊन-येऊन करता येईल अशी दोन कॉलेजंही हवीत, आणि त्यांची फी व वर्गांची वेळ स्वतः जाऊन विचारून आलेली हवी. फॉर्म पक्का केला की त्याची प्रिंट काढा आणि फाईलमध्ये सगळ्यात वर लावा, नाव मार्कशीटप्रमाणेच छापलंय ना एकदा बघून.