हॅलोविनसाठी कोरायचा भोपळा निवडताना या चुका टाळा

सप्टेंबर सरत आला की अमेरिकेत दुकानांच्या दारांत आणि गावाबाहेरच्या शेतांवर नारिंगी भोपळ्यांचे ढीग लागतात, आणि ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी, म्हणजे भोपळा पोकळ करून त्यावर चेहरा कोरून आत दिवा लावण्याच्या सणासाठी, तेथील मराठी घरांतही मुलांच्या हट्टापायी एखादा भोपळा येतोच. तो घेताना बहुतेक जण रंग आणि आकार पाहतात. भोपळा किती दिवस टिकेल, हे मात्र त्याच्या देठावरून आणि बुडावरून कळते, आणि नेमक्या याच दोन जागा पाहायच्या राहून जातात.

सर्रास होणारी चूक म्हणजे भोपळा देठाला धरून उचलणे. देठ मुठीसारखा दिसत असला तरी फळाचे वजन त्याला पेलवत नाही. तो मुळाशी तडकतो आणि त्या फटीतून बुरशी व जिवाणू थेट गरात शिरतात. म्हणून भोपळा नेहमी दोन्ही हातांनी खालून उचलावा, आणि देठ तुटलेला भोपळा निम्म्या किमतीत मिळाला तरी घेऊ नये. देठ हिरवट असो वा वाळून तपकिरी झालेला असो, तो हाताला टणक लागला पाहिजे. दाबल्यावर मऊ लागणारा किंवा मुळाशी काळपट, ओलसर झालेला देठ ही आतल्या कुजीची खूण असते.

यानंतर भोपळा उलटा करावा. दुकानात असे करायला अनेकांना उगाच संकोच वाटतो. बुडाच्या मध्यभागी फूल गळून पडल्याचा लहानसा वाटोळा व्रण असतो; त्याच्या भोवती अंगठ्याने दाबून पाहावे. साल दबली, किंवा तेथे पाण्यात भिजल्यासारखा गडद डाग दिसला, तर समोरची बाजू कितीही तुकतुकीत असली तरी तो भोपळा परत ठेवावा. मोठ्या खोक्यांत रचलेल्या ढिगात तळाचे भोपळे वरच्यांच्या भाराने ठेचलेले असू शकतात, म्हणून ते विशेष तपासावेत. याउलट एका बाजूला दिसणारा फिकट पिवळसर चट्टा हा दोष नव्हे. वेलीवर असताना फळ त्या बाजूने जमिनीला टेकलेले असते, इतकेच. ती बाजू मागे ठेवून कोरावे. पक्वता पाहण्यासाठी सालीवर नख दाबावे. ते सहज रुतले तर फळ कोवळे आहे आणि लवकर सुरकुतेल.

वजनाच्या बाबतीत मात्र स्वयंपाकघरातली सवय आड येते. भाजीसाठी आपण जड, भरीव भोपळा शोधतो. कोरण्यासाठी सारख्या आकाराच्या दोन भोपळ्यांपैकी जो हलका, तो बरा, कारण त्याची भिंत पातळ असते आणि सुरी सहज चालते. कोरायच्या बाजूची भिंत सुमारे अडीच सेंटिमीटर ठेवावी. त्याहून फार जाड असेल तर उजेड नीट बाहेर पडत नाही आणि फार पातळ असेल तर चेहरा लवकर खचतो. मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी जॉन हाउडेन यांनी निवडीतून तयार केलेला ‘हाउडेन’ हा वाण दणकट देठामुळे कोरण्यासाठी प्रसिद्ध आहे. लहान, गोडसर ‘पाय पंपकिन’चा (खाण्यासाठीच्या भोपळ्याचा) गर दाट असतो, तो कोरण्यापेक्षा घारग्यांसाठी घ्यावा. मोठ्या कोरीव भोपळ्याच्या गराचे घारगे मात्र पाणचट आणि बेचव होतात.

खरेदी लवकर केली तरी चालते, कोरण्याची घाई नको. न कापलेला निरोगी भोपळा १० ते १५ अंश सेल्सिअसच्या कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने राहतो, मात्र थंडीचा कडाका पडणार असेल त्या रात्री तो बाहेर ठेवू नये, कारण गोठलेली साल वितळल्यावर मऊ पडते. कोरलेला भोपळा थंड हवेत जेमतेम आठवडाभर आणि टेक्सास किंवा दक्षिण कॅलिफोर्नियाच्या उकाड्यात अवघे तीन-चार दिवस टिकतो, म्हणून सुरी २८ किंवा २९ ऑक्टोबरनंतरच हाती घ्यावी.

एवढे करूनही बिघाड झालाच, तर कारण बहुधा आतच सापडते. आत पांढरी बुरशी धरली असेल तर बिया व तंतू पुरते खरवडलेले नसतात. आतील भिंत कोरडी लागेपर्यंत खरवडून पुसून घ्यावी. झाकण आत पडत असेल तर ते सरळ कापलेले असते. सुरी आतल्या बाजूला तिरकी धरावी, किंवा झाकण न काढता मागून वा बुडातून भोक पाडावे. मेणबत्तीच्या उष्णतेने वरची भिंत शिजून खचते, त्यामुळे बॅटरीवरचा एलईडी दिवा बरा. चेहरा नुसता सुकून आकसला असेल तर भोपळा काही तास थंड पाण्यात बुडवून ठेवल्यास बराचसा सावरतो. टिकवण्यासाठी ब्लीचचे पाणी फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तथापि अंगणात खारी भोपळा कुरतडत असतील तर हा फवारा टाळावा.