दोन कंट्रोलर, एक शेल्फ: डिस्क वाटताना या चुका टाळा

रत्नागिरी-चिपळूणच्या पट्ट्यात सर्व्हर रूम सांभाळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: ऐन पावसात डिस्क गेली आणि घाटात दरड आली, की पुण्या-मुंबईहून निघालेला पार्ट कधी पोचेल ते गाडीवाल्यालाही माहीत नसतं. त्यामुळे शेल्फमधला, म्हणजे डिस्क बसवायच्या खोक्यातला, स्पेअर (राखीव डिस्क) हाच आपला आधार. पण तो योग्य कंट्रोलरच्या, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या यंत्राच्या, नावावर आहे का?

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. नेटॲप या कंपनीच्या स्टोरेजमधल्या एचए जोडीत (एक बंद पडला तर दुसरा काम सांभाळेल अशा दोन कंट्रोलरच्या जोडीत) केबल दोन्ही कंट्रोलरना पोचते, डिस्क दोघांनाही दिसतात, पण एका वेळी प्रत्येक डिस्कचा मालक एकच. मालकीची नोंद डिस्कवरच असते. सातबारा एकाच्या नावावर असला तर शेजारी कुंपणातून बघू शकतो, माड उतरवू शकत नाही, तसंच हे. 'अ' कंट्रोलरच्या ॲग्रिगेटमधली (एकत्र बांधलेल्या डिस्कच्या गटातली) डिस्क गेली आणि 'ब' कंट्रोलरकडे चार स्पेअर पडून असले, तरी सिस्टीम त्यातला एकही आपणहून घेत नाही. ॲग्रिगेट डिग्रेडेड, म्हणजे एक डिस्क कमी असलेल्या अवस्थेत, राहतं. म्हणून स्पेअर एकूण मोजू नका, कंट्रोलरनिहाय मोजा. 'स्टोरेज ॲग्रिगेट शो-स्पेअर-डिस्क्स' या कमांडची यादी मालकानुसार बघा. एका बाजूला शून्य दिसलं तर ते काम आजच करा.

नवीन डिस्क लावली, हिरवा दिवा लागला, पण ती स्पेअरमध्ये येत नाही? बहुतेक वेळा एकाच शेल्फमध्ये दोघांच्या डिस्क मनाला येईल तशा मिसळलेल्या असतात. मग ऑटो-असाइनला (आपोआप मालक ठरवणाऱ्या सोयीला) ती कोणाला द्यायची ते ठरवता येत नाही आणि डिस्क 'अनअसाइन्ड' (बिनमालकाची) राहते. 'स्टोरेज डिस्क असाइन' या कमांडने मालक हाताने द्या. दुसऱ्या सिस्टीममधून काढून आणलेल्या डिस्कवर जुन्या मालकाचं नाव असतं. ते आधी काढावं लागतं, आणि आतला डेटा नको आहे याची खात्री करूनच.

टेकओव्हर चालू असताना, म्हणजे एका कंट्रोलरने दुसऱ्याचं काम ताब्यात घेतलेलं असताना, मालकीला हात लावू नका. तेव्हा 'होम' (मूळ मालक) एक आणि 'ओनर' (सध्याचा मालक) दुसरा दिसतो, ते बरोबरच आहे. गिव्हबॅक झाला, म्हणजे काम मूळ कंट्रोलरकडे परत गेलं, की दोन्ही जुळतात. घाईत जबरदस्तीने असाइन करणारे नसलेलं दुखणं ओढवून घेतात.

निम्म्या-निम्म्या वाटणीचा हट्टही मला पटत नाही. रेड-डीपीत (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचवणाऱ्या रचनेत) प्रत्येक रेड ग्रुपमागे, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचामागे, दोन डिस्क पॅरिटीलाच (गेलेला डेटा परत उभा करायच्या माहितीलाच) जातात. छोट्या शेल्फचे दोन तुकडे केले तर हा खर्च दुप्पट. रूट ॲग्रिगेट (कंट्रोलरची स्वतःची सिस्टीम ठेवणारं) मात्र दोघांनाही आपापलं लागतं. वाटणी कशीही असो, दोघांचा मिळून भार एकट्याला पेलला पाहिजे. दोन्ही बाजू सत्तर टक्क्यांवर धावत असतील तर फेलओव्हर (एक पडल्यावर दुसऱ्याकडे काम जाणं) होईल, पण सगळं रखडेल.

दोन्ही पॉवर सप्लाय एकाच यूपीएसवर नकोत. आणि टेकओव्हर-गिव्हबॅकची चाचणी मे महिन्यात उरका. त्याआधी 'स्टोरेज फेलओव्हर शो' या कमांडमध्ये टेकओव्हर शक्य असल्याचं दोन्ही नोडसमोर (कंट्रोलरसमोर) दिसलं पाहिजे.